कंपनीचे कागद परदेशासाठी प्रमाणित करताना अर्ज कुठं अडतात

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले बरेच उद्योजक आता माल पाठवून थांबत नाहीत. कुणी परदेशात शाखा काढतं, कुणी तिथल्या बँकेत खातं उघडतं. मग तिकडून ईमेल येतो, ‘कंपनी स्थापनेचे कागद अपॉस्टिल करून पाठवा’, आणि इथं धावपळ सुरू होते.

आधी देश बघा. अपॉस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातल्या देशांनी एकमेकांसाठी मान्य केलेलं प्रमाणपत्र. भारतात ते २००५ पासून मिळतं. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, ओमान इथं ते चालतं. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये करारात आला. चीनही नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, पण भारतानं हरकत घेतल्यामुळं या दोन देशांमध्ये अपॉस्टिल चालत नाही. ‘कॅनडाला दूतावासाचा शिक्का लागतो’ हा जुना सल्ला आता विसरा. दुबईची गोष्ट वेगळी. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत या करारात नाहीत. तिथं परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग त्या देशाचा दूतावास आणि शेवटी तिकडचं परराष्ट्र खातं अशी साखळी आहे. दुबईसाठी अपॉस्टिल करून आणलेला संच बघितला की वाईट वाटतं, कारण पैसे गेलेले असतात आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. जर्मनीनं भारताच्या या करारातल्या प्रवेशावर हरकत घेतली होती, म्हणून तिथं कागद पाठवण्याआधी त्यांच्या वकिलातीला विचारा.

पात्रतेत गल्लत होते ती उद्यम नगरातल्या जुन्या पेढ्यांची. मालकी हक्काच्या धंद्याला स्थापनेचं प्रमाणपत्रच नसतं. उद्यम नोंदणी, जीएसटी किंवा आयात-निर्यात कोड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. भागीदारी पेढीनं नोंदणीकृत भागीदारीपत्र आणि फर्म्स निबंधकाचा दाखला द्यायचा. प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांचे कागद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतात. कंपनीचं नाव बदललं असेल तर मूळ आणि नाव बदलल्यानंतरचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं जोडा. एकच जोडलं की तिकडचा माणूस या दोन वेगळ्या कंपन्या समजतो.

खरी अडचण त्या प्रमाणपत्रातच आहे. हल्ली ते डिजिटल सहीचं पीडीएफ असतं, शाईची सही कुठंच नसते. फाइल साध्या ब्राउझरमध्ये उघडून प्रिंट काढली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ असं छापून येतं. तेवढ्यावरून परदेशी बँक कागद नाकारते. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये सही पडताळून मगच प्रिंट काढा. त्यापेक्षाही पक्कं हवं असेल तर पुण्याच्या कंपनी निबंधक कार्यालयाकडं पोर्टलवरून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. सरकारच डिजिटल सही देतं आणि पुढच्या टेबलावर निळ्या शाईची सही मागितली जाते. यात अर्जदाराचा काय दोष, हे कुणीतरी विचारायला हवं.

पुढचा क्रम नोटरी, चेंबर ऑफ कॉमर्स (व्यापारी-उद्योजकांची संस्था), परराष्ट्र मंत्रालय असा. नोटरीच्या शिक्क्यावर नोंदणी क्रमांक आणि सनदेची मुदत स्पष्ट उठली आहे ना, हे तिथंच बघून घ्या. चेंबर निवडताना एकच प्रश्न विचारा: तुमच्या अधिकाऱ्याची सही परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेली आहे का? सभासद आहोत म्हणून जवळच्या संस्थेचा शिक्का घेतला आणि सहीची नोंदच नसली तर अर्ज परत येतो. मुंबईच्या मंत्रालयात जायचा मार्ग जन्मदाखल्यासारख्या वैयक्तिक कागदांचा आहे, कंपनीच्या कागदांसाठी तिकडं फेरी मारू नका. परराष्ट्र मंत्रालय अर्जदाराकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, एजन्सीचं शुल्क वेगळं. कुणी काही हजार सांगितले तर त्यात काय काय धरलं आहे, ते लिहून मागा.

तारखेनंही बरेच अर्ज बाद होतात. ‘तीन महिन्यांच्या आतला कागद’ अशी अट असली की लोक अपॉस्टिलच्या तारखेपासून मोजतात. बहुतेक ठिकाणी ती मुदत मूळ कागदाच्या तारखेपासून धरतात. संचालक मंडळाचा ठराव जानेवारीत करून ठेवला आणि शिक्के मार्चअखेर मिळाले, तर कागद पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते. ठराव आणि मुखत्यारपत्र शेवटी तयार करा.

नावांची स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. ‘दत्तात्रय’ एका कागदावर शेवटी ‘वाय’नं संपतं, दुसऱ्यावर ‘ए’नं, आणि तिकडं ती दोन माणसं ठरतात. अपॉस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. मजकुरातली चूक त्यात कुणी पकडत नाही.

कागद लॅमिनेट करू नका. शिक्के झाल्यावर स्कॅन करायला पिना काढू नका, कारण पिनांची भोकं दिसली की पानं बदलल्याचा संशय येतो. झेरॉक्सवाल्याला संच देताना हे आधी सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. भाषांतर लागणार असेल तर ते अपॉस्टिलनंतर, त्या देशातल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घ्या, म्हणजे अपॉस्टिलचा मजकूरही त्यात येतो.