पदवीनंतरचं दंतशिक्षण: इंदूरच्या सामान्य दंतवैद्यासाठी पार्श्वभूमी

1961 मध्ये इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा एकदा मिळालेली पदवी आयुष्यभर पुरते असंच सगळे धरून चालत. कायद्याची धारणाही तीच होती. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' मध्ये मान्यताप्राप्त पदवीधर, तर 'ब' मध्ये पदवी नसली तरी आधीपासून याच व्यवसायावर पोट भरणारे. 1949 मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. नूतनीकरणाचं शुल्क भरलं की नाव वहीत राही. मधल्या काळात नवं काय शिकलात, हे विचारण्याची सोयच नव्हती.

ही धारणा मोडली ती दात भरण्याच्या नव्या साहित्याने. चांदी, म्हणजे पारा मिसळलेला मिश्रधातू, भरताना खड्डा तळाशी थोडा रुंद आणि किमान दीड मिलिमीटर खोल केला की ती अडकून बसते. थोडा ओलावाही ती सहन करते. 1955 मध्ये संशोधक बुओनोकोर यांनी एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, फॉस्फोरिक आम्ल लावून रेझिन (प्लास्टिकसारखं साहित्य) चिकटवता येतं हे दाखवलं. पुढे बोवेन यांच्या रेझिनमुळे कॉम्पोझिट हे दाताच्या रंगाचं फिलिंग आलं आणि चांदीवर बसलेला हात अपुरा पडू लागला. 37 टक्के आम्ल डेंटिनवर (एनॅमलखालच्या थरावर) 15 सेकंद ठेवून धुतल्यावर हवेने फार सुकवलं, तर कोलॅजनची जाळी कोसळते, बाँड (चिकटवणारा द्रव) आत शिरत नाही आणि पेशंट थंड पाण्याची तक्रार घेऊन परत येतो. आम्ल धुतल्यावर लाळ लागली तर पुन्हा आम्लापासून सुरुवात. थर 2 मिलिमीटरहून जाड घेतला, किंवा ते कडक करणाऱ्या लाइटचा जोर कमी झाल्याचं लक्षात आलं नाही, तर वरून कडक वाटणारं फिलिंग तळाशी कच्चं राहतं. यातलं काहीही खुर्चीवर बसलेल्या पेशंटच्या तोंडात त्या दिवशी दिसत नाही.

रूट कॅनालमध्येही तेच झालं. 1988 मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करण्याच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाइल, म्हणजे कॅनाल घासून साफ करणारी बारीक सुईसारखी कानस, बनवली. ती वाकड्या कॅनालमध्ये सहज वळते, पण स्टीलची फाइल तुटण्याआधी बहुधा पीळ उलगडून इशारा देते, तसा ही बऱ्याचदा देत नाही. 10 आणि 15 नंबरच्या हाताच्या फाइलने वाट मोकळी न करता, कोरड्या कॅनालमध्ये, मोटरवर मिनिटाला 300 फेऱ्यांनी दाबून चालवली की टोक तुटून आत राहतं. एकच फाइल किती दातांना वापरली याची नोंद नसणं हे आणखी एक कारण, आणि आमच्या मते सर्वांत सहज टाळता येणारं.

इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाला, आणखी वेगळी शिस्त लागते: ड्रिल करताना हाड मिनिटभर 47 अंशांवर गेलं तरी त्याला इजा होते, म्हणून सलाइनची धार आणि धारदार ड्रिल.

शिक्षणाची गरज अशी वाढत गेली, तेव्हा परिषदेने निरंतर दंतशिक्षणाची गुण-पद्धत आणली. हेतू रास्त होता, पण गुण हजेरीला मिळतात, हाताला नाही. सुदामा नगरात एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर शुक्रवारी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठतो, दोन दिवस स्लाइड पाहतो आणि सोमवारी पहिली रोटरी (मोटरवर फिरणारी) फाइल थेट पेशंटच्या दाढेत घालतो. हे चुकीचं आहे, आणि दोष त्याचा नाही. 2023 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. गुणांचं हे गणित बदलण्याची संधी आता आहे.

चांगल्या कोर्समध्ये प्रत्येकाला निदान चार-पाच काढलेल्या दाढा मिळाव्यात. चांदी नसलेल्या दाढा 40 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) कराव्यात. चांदी असलेल्या मात्र कधीच करू नयेत, पाऱ्याची वाफ होते, त्या दोन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवाव्यात. प्रत्येक दाढेचा आधी आणि नंतर एक्स-रे काढावा. मग डॉक्टरने स्वतःच्या पहिल्या पाच केसेसचे लगेचचे आणि वर्षभरानंतरचे एक्स-रे शिकवणाऱ्याला दाखवावेत, आणि प्रमाणपत्र त्यानंतर द्यावं.