उन्हाळी लागते तेव्हा आत काय चाललेलं असतं?

लघवीला जाऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच पुन्हा घाईची लागते. जाऊन बसावं तर चार थेंब, आणि तेही जाळत उतरतात. ‘उन्हाळी लागली’ हा यासाठीचा आपला जुना शब्द. त्यात सगळा दोष उष्णतेवर जातो. पाणी कमी पडून लघवी गडद झाली की थोडी चुणचुणते, हे खरंच आहे. पण जळजळ, सारखी घाई आणि ओटीपोटात दुखणं ही तिन्ही एकदम आली, तर बहुतेक वेळा कारण जंतूंचं असतं.

हे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले. साध्या युरीन इन्फेक्शनमध्ये चारपैकी तीन वेळा तरी ई. कोलाय सापडतो. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांनी 1885 मध्ये तान्ह्या बाळांच्या शीतून शोधला तोच हा जीवाणू. आतड्यात तो सहसा गुण्यागोविंदाने नांदतो. तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोहोचला की भानगड. पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण 20 सेंटिमीटर लांब, स्त्रियांचा जेमतेम 4. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्यामागे मुख्यतः एवढीच गोष्ट आहे. तरीही स्वच्छतेवरून बाईलाच बोल लावले जातात आणि ती लाजून दुखणं अंगावर काढते.

मूत्राशयात शिरणं जंतूला फार अवघड नाही. अवघड आहे ते टिकणं, कारण दिवसातून कित्येकदा तिथे पूर येतो आणि सगळं धुऊन नेतो. म्हणून त्रास देणाऱ्या ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला पकड घेणारं एक प्रथिन. हे प्रथिन मॅनोज नावाची साखर ओळखतं. मूत्राशयाच्या अस्तरावर ती साखर असतेच, तिला धरून जंतू लटकून राहतो. यावर किडनीने योजलेला तोड मला फार आवडतो. ती युरोमोड्युलिन नावाचं एक प्रथिन लघवीत सोडत असते, आणि त्यावरही मॅनोज लगडलेलं असतं. जंतू भिंत समजून त्यालाच मिठी मारतो आणि लघवीबरोबर बाहेर जातो.

आमिषाला न फसलेले काही जंतू अस्तराच्या पेशींच्या आतही शिरतात आणि तिथे वाढतात. बरं झाल्यासारखं वाटून इन्फेक्शन पुन्हा उलटतं, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

भिंतीवर जंतू बसले की पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तर सुजतं, तिथल्या मज्जातंतू हळव्या होतात. एरवी मूत्राशय बऱ्यापैकी भरल्यावर मेंदूकडे जाणारा निरोप आता थोड्याशा लघवीवरही जायला लागतो. घाई खरी असते, पोटात मात्र चारच थेंब. लघवी गढूळ दिसते ती बरीचशी या पांढऱ्या पेशींमुळे. कधी रक्तही उतरतं.

इथवरचा त्रास मूत्राशयापुरता. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखू लागलं, मळमळ-उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रवाहिनीतून वर किडनीपर्यंत गेल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तान्हं बाळ जळजळ सांगू शकत नाही. त्याला नुसता ताप येतो, ते किरकिरतं, दूध नीट पीत नाही.

आता रिपोर्टबद्दल. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, एका मिलिलिटरला 1,00,000 जंतू सापडले की इन्फेक्शन, हा जुना, रूढ आकडा. पण त्रास असताना त्याहून कमी जंतूही पुरतात. उलट, विशेषतः उतारवयात, रिपोर्टमध्ये भरपूर जंतू दिसतात आणि माणसाला काहीच होत नसतं. अशा वेळी सहसा औषध देत नाहीत. गरोदर बाई मात्र याला अपवाद. तिच्या मूत्रवाहिन्या सैल पडलेल्या असतात, जंतू वर चढायला सोपं जातं, म्हणून त्रास नसला तरी उपचार करतात. रिपोर्ट पाहून घाबरण्याआधी ‘मला होतंय काय?’ हे डॉक्टरांना नीट सांगता आलं पाहिजे. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या आधी घेऊन मग लघवी तपासायला दिली, तर कल्चर फसतं आणि कुठलं औषध लागू पडेल तेही कळत नाही.

आणि भरपूर पाणी प्या हा सल्ला? इन्फेक्शन वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांवर केलेला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. पाण्याने जंतू मरत नाहीत. फक्त पूर जास्त वेळा येतो, आणि ज्यांची पकड अजून बसलेली नाही ते वाहून जातात.