हिरुगाओ आणि यूगाओ: एक दुपारचं, एक रात्रीचं

जपानी मालिका बघणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हिरुगाओ आणि यूगाओ ह्या दोन जपानी फुलांच्या नावांचा कायम घोळ होतो, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. 'गाओ' म्हणजे चेहरा, हिरुगाओ म्हणजे दुपारचा चेहरा आणि यूगाओ संध्याकाळचा.

हिरुगाओ सकाळी फुलणाऱ्या मॉर्निंग ग्लोरी वेलीच्या घराण्यातलं, फिकट गुलाबी, कुणी न लावता कुंपणावर चढतं. मॉर्निंग ग्लोरी दुपारपर्यंत मान टाकते, हे मात्र भर उन्हात उघडं असतं, आणि वेल कितीही उपटली तरी जमिनीत राहिलेल्या तुकड्यातून परत फुटते. २०१४ मध्ये फुजी टीव्ही ह्या जपानी चॅनेलवर ह्याच नावाची मालिका आली, उपशीर्षक साधारण 'आडवारी दुपारी ३ चे प्रेमी'. त्यातली प्रेमी जोडी म्हणजे सावा आणि कितानो: सावा ही सुपरमार्केटमध्ये पार्टटाइम काम करणारी, लग्न झालेली बाई, कितानो शाळेत जीवशास्त्र शिकवणारा, त्याचंही लग्न झालेलं. आपल्याला वाटतं चोरटं प्रेम म्हटलं की रात्र, पण इथे नेमकं उलटं आहे, रात्री नवरा घरी असतो, रात्र संसाराची, बाईच्या हातात उरते ती फक्त तो ऑफिसला गेल्यानंतरची दुपार. म्हणून हे फूल. मला हे नाव फार अचूक वाटतं.

यूगाओ त्याच्या नात्यातलंसुद्धा नाही. ते चक्क आपल्या दुधी भोपळ्याचं फूल! पांढरं, संध्याकाळी उमलतं, सकाळी मलूल. जपानमध्ये त्याच्या फळाच्या लांब पट्ट्या कापून वाळवतात, त्याला कान्प्यो म्हणतात, सुशीत घालतात. (मॉर्निंग ग्लोरीच्या जातीचं रात्री फुलणारं एक पांढरं फूल आहे, योरुगाओ, त्यालाही लोक यूगाओच म्हणतात, म्हणजे घोळात घोळ.)

पण यूगाओ म्हटलं की जपानी माणसाला आधी आठवते ती 'गेंजी मोनोगातारी'मधली बाई, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची, मुरासाकी शिकिबू ह्या लेखिकेची कथा. कथेचा नायक, १७ वर्षांचा गेंजी, एका साध्याशा घराच्या कुंपणावर ही फुलं बघतो आणि आतून सुगंधी पंख्यावर ठेवून एक फूल येतं. ती बाई तिथे लपून राहिलेली असते, आधीच्या प्रियकराच्या बायकोने धमकावलं म्हणून, एक लहान मुलगी पण आहे तिला. गेंजी तिला एका ओसाड वाड्यात नेतो आणि तिथे रात्रीच, एका मत्सरी बाईचा आत्मा दिसतो नि यूगाओ मरते. फुलासारखीच, सकाळ बघत नाही.

आता हिरुगाओचा २०१७ चा सिनेमा बघा (शेवट सांगतेय, बघायचा असेल तर इथेच थांबा). दुपारच्या फुलाची गोष्ट तिथे रात्रीकडे सरकते, सावा आणि कितानो परत भेटतात ते काजव्यांमुळे, तो काजव्यांवर बोलायला तिच्या गावात येतो. आणि इथेही घात होतो तो दुखावलेल्या बाईकडूनच, कितानोच्या गाडीला अपघात होतो आणि गाडी त्याची बायको चालवत असते. फक्त यूगाओच्या गोष्टीत बाई जाते आणि पुरुष मागे राहतो, इथे कितानो जातो आणि सावा उरते.