सुटून आलेल्या कैद्याच्या ताटात काय वाढावे?

१२ फेब्रुवारी १९७३ रोजी व्हिएतनाम युद्धातील कैदेतून सुटलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांना घेऊन पहिले सी-१४१ हे लष्करी विमान उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईच्या जिया लाम विमानतळावरून निघाले. त्या उड्डाणांतील लष्करी परिचारिकांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: बसल्या जागी ही माणसे गप्प होती, आणि चाकांनी धावपट्टी सोडल्यावरच आरोळ्या उठल्या. सुटका खरी आहे यावर तोवर विश्वास कसा ठेवावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्यांच्यातले काहीजण आठ वर्षांहून अधिक काळ कैदेत होते.

फिलिपिन्समधील क्लार्क हवाई तळावरच्या रुग्णालयात मात्र वेगळाच वाद उभा राहिला. डॉक्टरांनी मऊ, सौम्य, बेताचे जेवण ठरवले होते, आणि भोपळ्याच्या व कोबीच्या पातळ सुपावर वर्षे काढलेल्या माणसांना मांसाचे जाड तुकडे, अंडी आणि आईस्क्रीम हवे होते. डॉक्टरांची सावधगिरी वरवर निर्दय वाटते, पण तिच्यामागे दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव होता. त्या युद्धात अमेरिकनांच्या हाती लागलेल्या उपाशी जपानी सैनिकांपैकी अनेकजण, अन्न आणि औषधे मिळत असतानाही, दगावले होते; अमेरिकी डॉक्टरांनी ही निरीक्षणे १९५१ मध्ये प्रसिद्ध केली.

उपाशी माणसाला अन्नच का बाधावे? दीर्घ उपासमारीत शरीर साखरेऐवजी साठवलेली चरबी आणि स्नायूंतील प्रथिने जाळू लागते आणि इन्सुलिनचे प्रमाण खाली जाते. पेशींमधील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा साठा हळूहळू रिता होतो, तरी रक्ततपासणीत त्यांचे आकडे पुष्कळदा ठीकच दिसतात, आणि खरी फसगत होते ती इथेच. अशा माणसाने एकदम भात, पाव किंवा गोड पदार्थ भरपूर खाल्ले की इन्सुलिन उसळते, पेशी साखर ओढून घेऊ लागतात आणि तिच्याबरोबर रक्तात उरलेली ही खनिजेही आत खेचतात. पेशीचे ऊर्जाचलन असलेला एटीपी हा रेणू फॉस्फेटशिवाय तयार होत नाही. त्यामुळे रक्तातील फॉस्फेट कोसळले की श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदयाची लय बिघडते. शिवाय साखरेचे ज्वलन होताना ब-१ जीवनसत्त्व लागते, आणि पॉलिश केलेल्या तांदळावर जगलेल्या कैद्यांकडे नेमके तेच नसते. ब-१ च्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचा मार्ग तोच. (हातसडीच्या तांदळाचा कोंडा किती मोलाचा, हे यावरून कळावे.)

म्हणून आजही अशा रुग्णाला जेवण सुरू करण्यापूर्वी ब-१ देतात आणि सुरुवात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १० कॅलरींनी, अतिगंभीर स्थितीत त्याहूनही कमीने, करतात. ५० किलोच्या माणसाला हे ५०० कॅलरी, म्हणजे चारपाच पोळ्यांइतके झाले. पुढे चार ते सात दिवसांत आहार वाढवत नेतात. ‘आणखी वाढा’ म्हणणाऱ्याचे ताट उचलण्याचे, रोज वजन करण्याचे, घोट्यांवर सूज दिसते का हे बोटाने दाबून पाहण्याचे आणि नाडी मोजण्याचे काम परिचारिकेच्याच वाट्याला येते.

क्लार्कवर अखेर डॉक्टरांनी माघार घेतली आणि मागेल ते वाढले गेले. माझ्या मते ही निव्वळ दयाबुद्धी नव्हती. १९६९ नंतर उत्तर व्हिएतनाममध्ये कैद्यांना मिळणारी वागणूक सुधारली होती आणि सुटकेआधी त्यांना अन्नही बरे मिळू लागले होते. म्हणजे आहार हळूहळू वाढवत नेण्याची जी तयारी रुग्णालयाने केली होती, त्यातला बराचसा भाग कैदेतच उरकला होता. डॉक्टरांपुढे अधिक मोठे काम होते ते पाडल्या गेलेल्या विमानातून उडी घेताना मोडलेल्या आणि वेड्यावाकड्या जुळलेल्या हाडांचे, तसेच पोटातील जंतांचे. परतलेल्या ५९१ जणांपैकी पुष्कळांना मायदेशी गेल्यावर त्या जुन्या मोडतोडीसाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुन्हा जावे लागले.