भिंतीची ओल: गळतीची की दमट हवेची?

भिंत काळवंडली की घरमालक म्हणतो, "तुम्ही खिडक्या उघडत नाही", आणि भाडेकरू म्हणतो, "पाइप गळतोय". यातलं काहीही खरं असू शकतं. ओल कुठून आली हे कळल्याशिवाय काम कोणाचं हे ठरवूच नये.

गळतीची ओल भिंतीच्या आतून येते. डागाची कड पिवळसर-तपकिरी आणि स्पष्ट असते, रंगाचे पोपडे सुटतात, प्लास्टर फुगतं, पांढरा खार वर येतो. पावसानंतर किंवा वरच्या मजल्यावरचं बाथरूम वापरल्यावर डाग पसरतो. जमिनीतून चढणारी ओलही आतूनच येते. ती सहसा मीटरभर उंचीपर्यंतच जाते.

दमट हवेची ओल भिंतीवर खोलीच्या बाजूने बसते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांपेक्षा गार झालेल्या भिंतीवर वाफेचं पाणी होतं. म्हणून ती बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे सापडते. कड पुसट, बुरशी काळी आणि ठिपकेदार, खार नाही.

नजरेवर विसंबू नका. भिंतीचा तुकडा पुसून कोरडा करा, हातभर ॲल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि ४८ तासांनी पाहा. पाणी फॉइलच्या मागे असेल तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला असेल तर हवेतली. दोन्हीकडे असेल तर दोन्ही कारणं आहेत, आणि हे बरेचदा घडतं: गळतीने भिजलेली भिंत जास्त गार पडते आणि वाफही तिच्यावरच जमते. पाण्याच्या पाइपवर संशय असेल तर सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा. दोन तासांनी तो पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी वाया जातंय. सांडपाण्याच्या पाइपची गळती मात्र मीटरवर दिसत नाही.

गळती, गच्ची, पाइप, खिडकीच्या फटी ही मालकाची कामं. भांड्यांवर झाकण ठेवणं, अंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन १५-२० मिनिटं चालू ठेवणं, कपाट भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर सोडून ठेवणं ही राहणाऱ्याची. पण फॅनच बसवलेला नसेल किंवा खिडकी उघडतच नसेल, तर दोष भाडेकरूला देणं सरळ अन्याय आहे.

कळवणं मात्र कारण कुठलंही असलं तरी राहणाऱ्याचंच काम, आणि त्याच दिवशी. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तिथेच तारीख लिहा, फोटो काढून लेखी पाठवा. आठवड्याने डाग रेघेबाहेर गेला असेल तर प्लंबरला बोलवायला आणखी पुरावा लागत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. गळती बंद झाल्यावरही भिंत वाळायला आठवडे लागतात. त्याआधी वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी आत कोंडतं आणि शेजारच्या कोरड्या भागातून बाहेर पडतं.