व्हीलडेलचा ‘रोमन’ रस्ता: वादाची पार्श्वभूमी

उत्तर यॉर्कशरमधल्या व्हीलडेल मूर या माळरानावर, गोथलंड गावापासून जवळच, दगडी फरशांचा साधारण दोन किलोमीटरचा पट्टा उघडा पडलेला आहे. रोमन रस्ता अशीच त्याची अधिकृत ओळख. तो पुढे कुठे जात होता आणि मुळात रस्ता होता का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण चर्चेत ते कायम एकमेकांत मिसळतात.

स्थानिक दंतकथेनुसार वेड नावाच्या राक्षसाने हा बांध घातला, बायकोला माळावरच्या गुरांकडे जाता यावं म्हणून. आपल्याकडे जुनं बांधकाम पांडवांच्या खात्यावर जातं, तसाच प्रकार. 18व्या शतकातल्या अभ्यासकांनी राक्षसाला हटवून तिथे रोमन सैन्य आणलं. 1736 साली छापलेल्या यॉर्कच्या इतिहासातही हा रस्ता रोमन म्हणूनच येतो.

मार्गाचा घोळ तिथूनच सुरू झाला. रोमन मार्गयादीत यॉर्कहून डर्वेंटिओ 7 मैल, तिथून डेल्गोविशिया 13 मैल आणि पुढे प्रेटोरिओ 25 मैल, अशी नोंद आहे. हे प्रेटोरिओ व्हिटबीजवळच्या किनाऱ्यावर बसवलं की व्हीलडेलचा पट्टा वाटेत येतो. पण डर्वेंटिओ म्हणजे मॉल्टन धरलं तर ते यॉर्कपासून 7 नव्हे, 17-18 मैलांवर आहे. म्हणजे पहिल्याच टप्प्याचं गणित चुकतं. तरीही मॉल्टन, कॉथॉर्नच्या लष्करी छावण्या, व्हीलडेल आणि मग किनारा ही रेघ पुस्तकांतून पक्की होत गेली. किनाऱ्यावर ती नेमकी कुठे टेकते? बरेचदा गोल्ड्सबरोच्या टेहळणी ठाण्याकडे बोट दाखवलं जातं. ते ठाणं 4थ्या शतकाच्या उत्तरार्धातलं. कॉथॉर्नच्या छावण्या इ.स. 100च्या आसपासच्या. मधल्या अडीचशेहून अधिक वर्षांचं काय करायचं?

सर्वांत महागात पडला तो 1910च्या दशकातला निर्णय. पट्ट्यावरचं हेदर (माळावर वाढणारं खुरटं झुडूप) आणि माती काढून फरशा लोकांना पाहण्यासाठी उघड्या केल्या गेल्या. हेतू चांगला होता, पण बांधकाम रोमन आहे हे आधीच गृहीत धरलेलं असल्यामुळे ‘कधीचं?’ हा प्रश्न विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. दगडांवर चढलेल्या मातीच्या थरांतून काळाचा अंदाज बांधता आला असता. ते थर साफसफाईत गेले. आज आपण पाहतो ती खडबडीत फरसबंदी गाडी हाकण्याच्या लायकीची नाही. वरचा बारीक खडीचा थर वाहून गेला असावा, असं रोमन पक्षाचं म्हणणं. असेलही. पण जो थर आता नाही, तो पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

1964च्या सविस्तर अहवालाने रोमन मत पुन्हा उचलून धरलं, मात्र एका ठिकाणी फरसबंदीतून वर डोकावणारी दगडी दफनपेटी सापडल्याची नोंदही केली. रस्त्याच्या मधोमध दफनपेटी कोण ठेवेल? 1997 मध्ये एका पुरातत्त्वज्ञाने हा रस्ताच नसून नवाश्मयुगीन किंवा कांस्ययुगीन हद्दीच्या बांधाचे अवशेष असावेत, अशी शक्यता मांडली. तेव्हापासून सरकारी भाषेत ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ डोकावू लागले, नाव मात्र तेच राहिलं.

हद्दीच्या बांधाचं मत मला जास्त पटतं. अडचण एकच, खालून आडव्या जाणाऱ्या दगडी मोऱ्यांची. पाणी पलीकडे काढून द्यायची एवढी काळजी हद्द आखणारे कशाला घेतील? मोऱ्या मूळ बांधकामातल्या की नंतर कुणी जुन्या बांधावरून वाट काढताना घातलेल्या, हे फरशांखालची माती तपासल्याशिवाय ठरणार नाही.