अरुंद पॅसेजमध्ये उजेड भिंतीला द्या

रात्री पॅसेजमधला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि जमिनीकडे धरा. पायाशी एक झगझगीत वर्तुळ पडेल, बाकी सगळा अंधार. आता तोच टॉर्च उलटा करून पांढऱ्या छताकडे धरा. उजेड तेवढाच, पण आता पॅसेजचं टोक दिसतं, दाराची कडी दिसते आणि छत हातभर वर सरकल्यासारखं वाटतं.

यामागे साधं क्षेत्रफळ आहे. १ मीटर रुंद, ५ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच पॅसेज घ्या. जमीन ५ चौरस मीटर. चारही भिंती मिळून २८.८, म्हणजे जवळपास पावणेसहा पट. शिवाय चालताना आपण पायाखाली कमी आणि समोर जास्त बघतो. डोळ्यांत भरते ती भिंतच. तिरका निघालेला उजेडही जमिनीआधी भिंतीवरच आदळतो, त्यामुळे भिंतीचा रंग हा दिव्याचाच एक भाग होतो. चांगला पांढरा रंग सुमारे ८० टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे दोनदा आपटूनही ६४ टक्के उरतो. २० टक्केच परत देणाऱ्या गडद भिंतीत दोन टप्प्यांनंतर हाती राहतात अवघे ४ टक्के. तेव्हा जास्त वॉटचा दिवा आणण्याआधी रंगाचा डबा उघडावा, असं माझं मत आहे.

छत उंच भासावं म्हणून छत फिकं आणि भिंती गडद ठेवा, हा सल्ला बरेचदा ऐकू येतो. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या डॅनिएल ओबरफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली तो प्रयोगात तपासला. फिकं छत उंच वाटलं हे खरं, पण भिंती फिक्या केल्यावर उंची आणखी वाढल्यासारखी वाटली. जमिनीच्या रंगाने फरक पडला नाही.

ठेंगण्या छताचं दुखणं वेगळं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम शाळेत शिकलेला असतो. २.१ मीटरवरच्या छतात लहानसा दिवा आहे आणि खालून १.७ मीटर उंचीचा माणूस जातोय. त्याचा माथा दिव्यापासून ४० सेंटीमीटरवर, जमीन २.१ मीटरवर. हिशोब केला तर माथ्यावर जमिनीच्या सुमारे साडेसत्तावीस पट उजेड पडतो! केस चमकतात आणि कपाळाखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. अशा दिव्याखाली ओळखीचा माणूसही आजारी दिसतो.

त्यात डोळे दिपणं आलंच. डोळे दीड मीटर उंचीवर धरून दोन मीटर अंतरावरून पाहिलं, तर ३ मीटर उंच छतातला दिवा नजरेच्या रेषेच्या सुमारे ३७ अंश वर असतो. २.१ मीटरच्या छतात तोच १७ अंशांवर येतो, जवळजवळ तोंडासमोर. उघडा बल्ब आणि उघड्या काचेचे स्पॉट, म्हणजे एकाच जागी झोत टाकणारे दिवे, म्हणूनच इथे त्रास देतात. स्पॉटचा झोतही आवळलेला असतो. ३६ अंशांचा झोत २.४ मीटरवरून जमिनीवर जेमतेम दीड मीटरचं वर्तुळ करतो आणि चेहऱ्याच्या उंचीला तर ६० सेंटीमीटरचंच. चालणारा माणूस उजेड-अंधार-उजेड असा जातो.

भिंतीला उजेड द्यायचा म्हणजे स्पॉट भिंतीला चिकटवायचे, असं मात्र नाही. मी हौसेने तेच केलं होतं. संध्याकाळी दिवे लावले आणि गिलाव्यावरची थापीची प्रत्येक ओढ, पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उभा राहिला. भिंतीला घासून जाणारा उजेड मिलिमीटरभर फुगवट्याचीही लांब सावली पाडतो. दिवसा सपाट दिसणारी ती भिंत रात्री नांगरलेल्या शेतासारखी दिसायची.

मग घ्यावं काय? छताला चपटा बसणारा, दुधी झाकणाचा, रुंद पसरणारा सरफेस पॅनेल, किंवा पॅसेजच्या लांबीत जाणारी पट्टी. चमकणारं क्षेत्र मोठं असलं की तेवढाच उजेड डोळ्यांना कमी बोचतो. केवळ दिवे लपवायला फॉल्स सीलिंग करू नये. आधीच कमी असलेली उंची त्यात जाते. कामाच्या जागांसाठीचं युरोपीय मानक येण्याजाण्याच्या वाटेला जमिनीवर १०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १०० ल्युमेन उजेड, सुचवतं. ५ चौरस मीटरला त्याचे ५०० ल्युमेन झाले. निम्मा उजेड वाटेत मुरतो असं धरलं तर १००० ल्युमेन, म्हणजे साधारण १० वॉटची एलईडी, तीही दोन-तीन दिव्यांत वाटलेली. घरात त्याहून कमीही चालतं. रंगासाठी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड मला बरा वाटतो. रात्री पाणी प्यायला उठलं की झोप तेवढी मोडत नाही.

सेन्सरचा दिवा लावणार असाल तर जागा विचारपूर्वक निवडा. हा सेन्सर अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांमधला बदल टिपतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला की त्याला चटकन कळतं, सरळ त्याच्या रोखाने आला की उशिरा. टोकाच्या भिंतीवर लावला, तर अर्धा पॅसेज अंधारात चालून झाल्यावर दिवा लागतो. दाराच्या तोंडाशी छतावर लावला, तर उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच.